पेंटरच्या विमानाचं नाक

वहिनींकडे बघून रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं, की त्या आधी दात बघत आणि मग माणूस. त्यात उद्धटपणा काही नव्हता. त्या दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवत, आणि गावातल्या निम्म्या बोळक्या तोंडांत त्यांच्याच हातचं काम होतं. डॉक्टर नुसता साचा पाठवत. त्यावर मेण चढवायचं, एकेक दात ओळीत लावायचा, हिरडीचा गुलाबी रंग जमवायचा, जिभेला कुठे बोचणार नाही इतकं घासायचं, हे सगळं वहिनींच्या टेबलावर. काम हातात घेताना त्या दर वेळी मनातल्या मनात देवाचं नाव घेत आणि म्हणत, ज्याच्या तोंडात हे जाईल त्याला घास गोड लागू दे. मग ड्रिल सुरू.

अशी मऊ आवाजाची, सकाळची प्रार्थना कधी न चुकवणारी बाई सुट्टीच्या दिवशी रॉकेटं उडवते म्हटल्यावर नवखा माणूस हमखास विचारी, "काय उडवतात?"

रॉकेटं. पुठ्ठ्याच्या नळीची, हातभर उंचीची, खरीखुरी उडणारी. मुलगी शाळेत असताना तिला विज्ञानाचा काही प्रकल्प करायचा होता, त्यासाठी मायलेकींनी मिळून पहिलं रॉकेट केलं. प्रकल्प संपला, शाळा संपली, मुलीचं लग्न होऊन तिला मूलही झालं, आणि आईचा प्रकल्प आपला चालूच. गावाबाहेर बंद पडलेल्या वीटभट्टीमागे मोठं माळरान होतं. तिथे अशाच वेड्यांचं एक मंडळ जमे. तिथली लहानथोर सगळी त्यांना वहिनीच म्हणत. सख्खी नणंद म्हणायची म्हणून शेजारी म्हणू लागले, शेजारी म्हणायचे म्हणून मंडळ म्हणू लागलं.

त्यांचे यजमान म्हणजे पेंटर. सगळी हयात पाट्या रंगवण्यात गेली. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या पाट्या, ट्रकच्या पाठीवरची अक्षरं. पट्टी न लावता सरळ रेघ ओढावी तर त्यांनीच. पुढे पाट्या यंत्रावर छापून यायला लागल्या, आणि हाताला काम हवं म्हणून पेंटर प्लास्टिकच्या विमानांकडे वळले. खोक्यात सुटे भाग येतात ना, ते जोडून, रंगवून हुबेहूब विमान उभं करायचं. बैठकीच्या खोलीतली आडवी फळी त्या विमानांनी भरून गेली होती. पेंटरचं ब्रीद एकच: सांधा दिसता कामा नये. दोन भाग जिथे जुळतात तिथे केसाएवढी फट राहिली तरी त्यांना जेवण जात नसे. लांबी, म्हणजे फट बुजवायची पुट्टी, भरायची, पॉलिश पेपर मारायचा, पुन्हा भरायची, पुन्हा मारायचा. शेवटी डोळे मिटून बोट फिरवायचं आणि म्हणायचं, "आता सापडतंय का बघ!"

त्या दोघांचं भांडण जुनं आणि दोघांच्याही आवडीचं होतं.

"तुमची विमानं म्हणजे धुळीचे विमानतळ," वहिनी फडकं मारता मारता म्हणत.

"आणि तुझी रॉकेटं? करायला महिना आणि झाडावर अडकायला मिनिट. माझं निदान संध्याकाळी घरी असतं!"

मग पेंटरच्या डोळ्यांचं सुरू झालं. नजरेच्या ऐन मधोमध एक धुरकट ठिपका बसला. कडेचं सगळं दिसे, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलेलं. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवू, गेलेलं परत येणार नाही. त्या दिवसांत पेंटरच्या टेबलावर एक विमान अर्धवट होतं. बाणासारखं टोकदार नाक, त्रिकोणी पंख, करड्या रंगाचं लढाऊ जेट. पेंटरनी मान तिरकी करून करून, कडेच्या नजरेने ते पुरं केलं. शेपटीजवळचा लाल पट्टा हाताने ओढला, आणि तो इतका सुरेख आला की वहिनींनी कामावरची भिंगं आणून बघितला. कुठे थरथर नाही.

ब्रश धुताना पेंटर म्हणाले, "झालं. हे शेवटचं. आता नाही जमायचं."

वहिनींनी त्यांच्या हातातून ब्रश घेतला आणि स्वतःच धुवायला लागल्या.

मंडळाच्या पुढच्या मेळाव्याची बातमी आली ती याच सुमाराला. या खेपेला एक नवी स्पर्धा होती: दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या विमानाचं रॉकेट करून उडवायचं. निम्मे गुण विमान जमिनीवर कसं दिसतं याला आणि निम्मे ते कसं उडून परत येतं याला. वहिनींनी जेवताना सहज सांगितलं. पेंटर घास हातात धरून थांबले.

"माझं ने."

"कुठलं?"

"करडं. शेवटचं."

"काहीतरीच! त्याला कापावं लागेल, अहो. पोट पोखरायचं, नाक छाटायचं. मी नवं आणते, साधं रंगवते."

"तू रंगवणार?" पेंटर इतके मनापासून हसले की वहिनींना राग यायचाही राहिला. मग म्हणाले, "हे बघ, फळीवर ठेवलं तर मला ते दिसतच नाही. समोर बसतो आणि नेमकं तेच गायब. निदान एकदा उडू दे. म्हणजे म्हणता येईल, माझं विमान उडलं होतं. फक्त एक कर. परत आण. अख्खं. दुसरं आता माझ्याकडून व्हायचं नाही."

माणूस गळ घालतो तेव्हा आवाज चढतो. पेंटरचा उतरला होता. वहिनी म्हणाल्या, "आणते."

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नणंदेला हे कळायला चहा उकळायचाही अवकाश लागला नाही. ती जिना उतरतच बोलत आली. "वहिनी, माझ्या भावाच्या हातची शेवटची वस्तू तुम्ही तोफेत घालून उडवणार म्हणे?"

"तोफेत नाही, वन्सं. विमानातच मोटर बसवणार."

"म्हणजे ते स्वतःच स्वतःला उडवणार! छान! घरात एकालाही समजावणारं माणूस नाही."

"तू आहेस ना," पेंटर म्हणाले. "बस, चहा घे."

काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू झालं. वहिनींनी लॅबमधली जुनी छोटी करवत आणली होती, दाताचा साचा कापायची. देवाचं नाव घेऊन त्यांनी ती विमानाच्या मानेवर ठेवली, आणि पेंटर उठून दुसऱ्या खोलीत गेले. करवतीचा आवाज थांबल्यावर परत आले. नाक वेगळं झालं होतं. त्यांनी ते हातात घेतलं, काप बोटाने चाचपला आणि म्हणाले, "सरळ कापलंस." एवढं एक वाक्य वहिनींना दिवसभर पुरलं.

प्लास्टिकच्या विमानाचं रॉकेट करायचं म्हणजे त्याच्या स्वभावाविरुद्ध जाणं. मोटर म्हणजे दारू ठासलेलं पुठ्ठ्याचं नळकांडं; त्याची आग प्लास्टिकला सोसत नाही, म्हणून पोटातून पुठ्ठ्याची नळी ओवावी लागते, जाड पुठ्ठ्याच्या कड्यांनी ती मधोमध बसवावी लागते. वहिनींनी ड्रिलने विमान आतून पोखरून हलकं केलं. कवळीच्या आतली बाजू कोरायची सवय कामाला आली. शिवाय विमानाचे पंख मागे, वजन मागे, त्यात मोटरही मागे. असलं धूड सोडलं तर हवेत कोलांट्या खाणार. त्याला नाकाशी वजन हवं. म्हणून नाकाच्या पोकळीत त्यांनी मासेमारीच्या गळाची शिशाची गोळी बसवली.

पुढची परीक्षा अंगणात. तोल साधतो त्या जागी दोरी बांधून विमान डोक्याभोवती गरागरा फिरवायचं. नाक पुढे राहिलं तर आकाशातही पुढे राहील. पहिल्या फेऱ्यात विमान चक्क शेपूट पुढे करून निघालं.

"मागे मागे चाललंय," जिन्यावरून नणंद म्हणाली. "तुमच्या नवऱ्याचंच आहे, शंका नको!"

आणखी एक गोळी. मग आडवं फिरलं. आणखी एक. आणि मागे चार पारदर्शक पंख, जाड स्वच्छ प्लास्टिकचे, वाऱ्याला धरून ठेवणारे पण लांबून न दिसणारे. पेंटरना ते मुळीच आवडले नाहीत. "माशाला चष्मा लावल्यासारखं दिसतंय," ते म्हणाले. पण पुढच्या वेळी दोरी फिरली तेव्हा विमान नाक पुढे काढून, पंख पसरून असं काही झेपावलं की जिन्यावरची नणंद खाली वाकली आणि पेंटर ओरडले, "निघालं! अगं, निघालं की!" त्यांना कडेच्या नजरेने ती करडी रेघ दर फेऱ्याला दिसत होती. वहिनींचा हात भरून आला तरी त्यांनी फिरवणं थांबवलं नाही.

राहता राहिलं नाक. मोटर जळून गेल्यावर ती आतल्या आत पुढच्या बाजूला एक छोटा बार काढते. त्या धक्क्याने नाक सुटायचं, त्यामागोमाग घडी केलेलं पॅराशूट बाहेर यायचं, आणि दोरीला लटकत सगळं संथ खाली यायचं. नाक अडलं तर संपलं. विमान दगडासारखं खाली. म्हणून नाक घट्टही नको आणि सैलही नको. वहिनी मागच्या नळीला तोंड लावून फुंकत. नाक नुसतं हललं की पुन्हा घासत. एकदा घासलं, दोनदा घासलं, आणि मग जी फुंक मारली तिने नाक टप्पकन सुटून थेट नणंदेच्या चहात पडलं.

"हे माझ्यावर नेम धरून चाललंय!" नणंद कप दूर धरत म्हणाली.

वहिनी आनंदाने लाल झाल्या होत्या. "जमलं! अस्संच हवं."

पेंटर मात्र नाक पुन्हा बसवून सांध्यावरून नख फिरवत होते. "ही फट बघितलीस का? कागद जाईल यातून. गुण देणारा माणूस आंधळा आहे का?"

"असू दे हो. त्या फटीवरच तर सगळा भरवसा."

पेंटरनी विमान फळीवर नेऊन ठेवलं. वहिनींना वाटलं, पटलं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी वहिनींनी पॅराशूटला पावडर लावून घडी केली, खाली आगीपासून राखणारा कागद भरला, नाक बसवलं, आणि अंघोळ आणि प्रार्थना उरकायला गेल्या. त्या दिवशी त्यांनी देवाकडे पहिला नंबर मागितला नाही. म्हणाल्या, वर नेणं माझ्याकडे, खाली आणणं तुझ्याकडे. बाहेर येऊन बघतात तो पेंटरनी विमान खोक्यात घालून, मऊ कापडात गुंडाळून, दोरीने बांधूनसुद्धा ठेवलेलं. कपडे घालून तयार. "चल चल, उशीर होतोय." नवऱ्याचा असा उत्साह बघून वहिनींना इतकं बरं वाटलं की त्यांनी खोकं उघडून बघितलं नाही.

माळरानावर जत्राच भरली होती म्हणा ना. वारा बेताचा, आभाळ स्वच्छ. मंडळाचा सगळा कारभार मास्तरांकडे. ते कसरतीचे निवृत्त शिक्षक. गळ्यात शिट्टी आणि हातात कर्णा, आणि दोन्हींची खरं तर गरज नव्हती असा आवाज. जमिनीवरचे गुण द्यायला चष्म्याच्या दुकानाचे मालक बसले होते, त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत. पेंटर स्वतःच खोकं घेऊन चष्मेवाल्यांकडे गेले. वहिनी मोटर आणि पेटवायची तार काढण्यात गुंतल्या होत्या.

थोड्या वेळाने मास्तर तपासणीला आले. "वहिनी, वजन ठीक, पंख ठीक. नाक सैल आहे ना?"

"मी स्वतः फुंकून बघितलंय, मास्तर."

"मग प्रश्नच मिटला," मास्तर म्हणाले. वहिनींच्या कामावर कोण शंका घेणार?

वहिनींनी मोटर मागून सरकवली, उभ्या रोवलेल्या सळईवर विमान ओवलं, तारा जोडल्या आणि लांब मागे येऊन पेटीपाशी गुडघे टेकले. या पेटीत किल्ली घातली आणि बटण दाबलं की दूरवर तार तापते, मोटर पेटते. शेजारी पेंटर उभे, त्यांच्या दंडाला धरून नणंद. सळईवर ते करडं विमान नाक वर करून असं उभं होतं, की आजूबाजूची माणसं माना वळवून बघायला लागली.

मास्तरांनी कर्णा उचलला. "आता वहिनींचं विमान! रंगकाम पेंटरचं. चष्मेवाल्यांनी जमिनीवरचे पैकीच्या पैकी गुण दिलेत. ते म्हणतात, इतकं सफाईचं काम बघितलं नाही. नाकाचा सांधा भिंग लावूनही सापडला नाही! चला, सगळ्यांनी मोजा. पाच!"

"चार!" गर्दी ओरडली.

सांधा सापडला नाही?

वहिनींचं बोट बटणावर होतं. त्यांनी स्वतः ठेवलेली फट त्यांना अंधारातही सापडली असती.

"तीन!"

वहिनींनी किल्ली खसकन उपटली आणि उभ्या राहिल्या. "थांबा! थांबवा सगळं!"

मास्तरांची शिट्टी वाजली. वहिनी पदर खोचून धावल्या. त्यांनी आधी तारा सोडवल्या, मोटर काढून घेतली आणि मग मानेवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. एखाद्या अंड्यासारखं. त्यांनी पुन्हा फिरवलं. कुठे काही नाही. मागून धापा टाकत पेंटर आले.

"काय झालं? काय झालं गं?"

"अहो, नाकाला काय केलंत?"

पेंटरच्या तोंडावरचा रंगच उडाला. "काही नाही. म्हणजे... जरासं. तू आत होतीस तेव्हा. नुसता एक हात फिरवला."

"कशाचा हात?"

"लांबीचा. वर जरा रंग. गुण गेले असते तुझे! आणि आत बार निघणारच आहे ना? एवढ्याशा लांबीला काय, फुटेल म्हटलं."

"कुठली लांबी?"

"आपली नेहमीचीच." आणि हे म्हणता म्हणता पेंटर थांबले. नेहमीची लांबी दहा मिनिटांत वाळते आणि प्लास्टिकला विरघळवून एकजीव करते. म्हणून तर ते ती वापरत. तिच्या घट्टपणाची फुशारकी ते आल्यागेल्याला सांगत. नाक आणि धड आता दोन नव्हतीच. बटण दाबलं गेलं असतं तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते विमान जेवढ्या वेगाने वर गेलं असतं तेवढ्याच वेगाने खाली आपटलं असतं.

नणंदही येऊन पोचली होती. तिने भावाकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं, आणि भोवती जमलेल्या माणसांना हाताने मागे सारलं.

"घरी नेऊ या," वहिनी म्हणाल्या. "आत्ता अख्खं आहे. फळीवर ठेवू. मी शब्द दिलाय तुम्हाला."

पेंटरनी विमान हातात घेतलं. मान तिरकी करून त्यावर नजर धरायचा प्रयत्न केला.

"शब्द अख्खं आणायचा दिलायस," ते म्हणाले. "आणायचं म्हणजे आधी न्यायला नको का? काप."

"रंग खरवडेल. गुण जातील."

"जाऊ देत गुण खड्ड्यात! काप म्हणतो ना."

"पण कुठे कापू? मला सांधा सापडत नाहीये, अहो! जरा पुढेमागे झालं तर आतली दोरी कापली जाईल, नाहीतर नळी."

पेंटर मातीतच मांडी घालून बसले. डोळे मिटले. अंगठ्याचं नख विमानाच्या मानेवरून हळूहळू नेऊ लागले. नख एकदा पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं.

"इथे," पेंटर म्हणाले. "इथे मी पेपर जरा जास्त मारला होता. खळगा आहे, केसाएवढा. ब्लेड माझ्या नखाला लावून धर."

वहिनी समोर बसल्या. कवळीची हिरडी कोरायला वापरत ते बारीक पातं त्यांनी नखाला टेकवलं. पेंटर विमान फिरवत होते, वहिनी पातं स्थिर धरत होत्या. करड्या रंगाचा भुसा दोघांच्या हातांवर पडत होता.

"घाई नको."

"मी कुठे करतेय? तुम्हीच भराभर फिरवताय."

"मी नाही, माझा हात थरथरतोय."

"मग थरथरू दे, पण सावकाश थरथरू दे."

नणंदेला हसू फुटलं आणि डोळेही पुसावे लागले. एक पुरता फेरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला आत कुठेतरी कट्ट झालं आणि नाक पेंटरच्या तळहातावर आलं.

दोरी शाबूत. पॅराशूट शाबूत. मानेभोवती मात्र रंगाची साल निघून पांढरं कडं उमटलं होतं, आणि काठ खरखरीत.

"पॉलिश पेपर?" वहिनींनी पिशवी उलटीपालटी केली. घरी राहिला होता.

नणंदेने पर्समधून नखं घासायची पट्टी काढून पुढे केली. "ही चालेल? नवी आहे. आणि मी दिली हे विसरू नका!"

ती चालली, नुसती चालली नाही, धावली. वहिनींनी काठ घासला, नाक बसवून बघितलं, पुन्हा घासला. मग विमान पेंटरपुढे धरलं. "फुंका तुम्ही."

पेंटरनी छाती भरून श्वास घेतला आणि मागच्या नळीत अशी काही फुंक मारली की नाक सुटून, पॅराशूट घेऊन मास्तरांच्या पोटावर आपटलं.

"नाक सुटलं!" मास्तर कर्ण्यात ओरडले, आणि माळरान टाळ्यांनी दणाणलं. जणू काही विमान उडूनच आलं होतं.

पुन्हा घडी. पुन्हा कागद. पुन्हा मोटर, तारा, सळई. वहिनींनी पेटीपाशी येऊन किल्ली पुन्हा घातली. पेंटर शेजारी येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

"मला वरचं नीट दिसणार नाही," ते हळूच म्हणाले. "तू सांगत राहा."

मोजणी सुरू झाली. वहिनींनी मनात एकदाच नाव घेतलं आणि बटण दाबलं.

फुस्स... आणि काही नाही. मग एकदम धुराचा लोट, कानठळ्या बसवणारा आवाज आणि सळई रिकामी!

"गेलं! अहो, गेलं! सरळ गेलं!"

"डुलतंय का?"

"जरासं डुललं... नाही, नाही, सावरलं! नाक पुढेच आहे! काय सरळ चाललंय हो, तुमच्या रेघेसारखं! पट्टा चमकतोय, इथून दिसतोय मला!"

"किती वर?"

"भट्टीच्या धुराड्याच्या कितीतरी वर! मोटर संपली. आता नुसतंच जातंय. आवाज नाही. हळू होतंय... हळू... वळलं."

"वळलं म्हणजे? खाली?"

"हो, खाली."

"नाक?"

वहिनींनी कपाळावर हात आडवा धरला. पेंटरची बोटं त्यांच्या खांद्यात रुतली. वर ते करडं टोक जमिनीकडे वळलं होतं आणि वेग घेत होतं. सारं माळरान मान वर करून बघत होतं.

"अगं, नाक?"

टप्प! इतका बारीक आवाज, की दूर कुणीतरी बाटलीचं बूच काढावं.

"सुटलं! सुटलं! सुटलं!" वहिनी उड्या मारू लागल्या. नवऱ्याचा हात धरून, सगळ्या गावासमोर, या वयात. "आलं बाहेर! उघडतंय... उघड रे बाबा, उघड... उघडलं!"

निळ्या आभाळात लालभडक पॅराशूट फुललं आणि त्याखाली एका दोरीला विमान, एका दोरीला नाक, असं डोलत डोलत खाली येऊ लागलं. पेंटरनी मान तिरकी केली, आणखी तिरकी केली.

"दिसलं मला," ते म्हणाले. "लाल आहे ना? दिसलं! ते बघ! वाऱ्याने तिकडे चाललंय, पळ!"

आणि वहिनींचा हात सोडून ते स्वतःच पळत सुटले. बघायचं होतं ते नजरेच्या कडेला धरून, खेकड्यासारखे तिरके, ढेकळांतून ठेचकाळत. मागून नणंद, "अरे, पडशील! वहिनी, धरा त्याला!" वहिनी काय धरणार, त्या स्वतः पदर सावरत धावत होत्या.

विमान वाळक्या गवतात आडवं पडलं होतं. वहिनी पोचेपर्यंत पेंटर गुडघ्यांवर बसून त्याच्यावरून हात फिरवत होते. डावा पंख. उजवा पंख. शेपूट. लाल पट्टा. पोटाखाली धुराची काजळी. त्यांचा हात मागच्या बाजूला अडला तशा वहिनी खाली वाकल्या.

"मोडलं का काही?"

"मोडलं," पेंटर म्हणाले. त्यांनी मूठ उघडली. तळहातावर पारदर्शक पंखाचा एक तुकडा होता. "तुझा मोडला. माझं सगळं जागच्या जागी आहे."

वहिनी गवतातच बसल्या. हसावं की देवाचे आभार मानावेत हे न कळून त्यांनी दोन्ही एकदम केलं.

तेवढ्यात चष्मेवाले भिंग घेऊन येऊन पोचले. ते संकोचून म्हणाले, "पेंटर, नियम म्हणजे नियम. मानेवरचा रंग खरवडलाय, त्याचे गुण मला कापावे लागतील. पहिला नंबर काही राहत नाही."

"कापा हो, कापा," पेंटर म्हणाले. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते वहिनींच्या पिशवीत हात घालून काहीतरी चाचपत होते. "अगं, जादाचा पंख आणलायस की नाही? आणि चटकन चिकटणारा तो गोंद?"

"आणलाय. कशाला?"

"आणि मोटर? एकच होती?"

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. कपाळाला माती, शर्टाला कुसळं, आणि चेहरा असा की मुलगी झाली त्या दिवसानंतर त्यांनी तसा बघितला नव्हता.

"आहे अजून एक," त्या म्हणाल्या. "पण अहो, अख्खं आलंय. परत उडवलं आणि..."

"तू खाली आणतेस ना? मग झालं तर!" पेंटरनी पंख जागेवर टेकवून धरला. हात थरथरत होता. नणंद पुढे झाली आणि तिने भावाचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"लावा हो वहिनी गोंद," ती म्हणाली. "मघाशी मी घाबरून डोळेच मिटले होते. मला बघायचंय."